सत्तेचाळीसने संपणारा नंबर

८ जानेवारी, सोमवार

आणि वर दुकानवाला मलाच म्हणतो, काकू, कॉम्प्युटर चांगला आहे, तुम्ही घाई करता. मी घाई करते! बटण दाबल्यापासून तो जागा होईपर्यंत माझी एक कॉलर बसवून होते. पडद्यावर ते गोल फिरत राहतं, फिरत राहतं. माझं शिलाईचं मशीन तीस वर्षांचं आहे. दोन थेंब तेल घातलं की पळतं. याला सात वर्षं झाली नाहीत तर धाप लागते.

मुलीला घर सोडून सहा महिने झाले. एक मेल नाही. येणार कशी? वरच्या मजल्यावरचे रिटायर पोस्टमास्तर म्हणतात, मेमरी भरली की कॉम्प्युटरमध्ये सगळंच अडतं. मेलही अडत असणार. सगळा जन्म टपालात गेला त्यांचा, त्यांना नाही कळणार तर कुणाला.

माझा फोन तर त्याहून गेलेला. तिला लावला की एकदाच वाजतो आणि तुटतो. दर वेळी.

ही डायरी दोऱ्याच्या कंपनीने फुकट दिली. तारखा छापलेल्या आहेत, तेवढं लिहायचं वाचतं. ठरवलंय की या महिन्यात कॉम्प्युटर ताळ्यावर आणायचा. गिऱ्हाइकांची मापं त्यात आहेत म्हणून. दुसरं काही नाही.

११ जानेवारी, गुरुवार

नवा माउस आणला. खालून लाल उजेड पडतो. बाण पळतो चांगला. मेल नाही.

कपाटात तिच्या कोटाचं कापड पडून आहे. करडं, लोकरीचं, ती गेली त्याच्या आधीच घेतलेलं. ती गेली तिकडे थंडी फार, असं हे म्हणाले. यांना कुठून कळलं कोण जाणे. कापायला तासभर लागेल. माप तक्त्यात आहे. सगळी मापं तिनेच टाइप करून माझ्या मेलमध्ये ठेवली आणि जुन्या वह्या रद्दीत दिल्या. म्हणाली होती, आई, आता कसलीच वही सांभाळायला नको.

हे बटणं आणायला गेले ते दीड तासाने आले. सहा बटणं. यांनी शिंपल्यातून काढून आणली असावीत.

१४ जानेवारी, रविवार

रविवारी जिन्यात कॉम्प्युटरवाली मंडळी जमतात. पोस्टमास्तर, जाऊबाई, तळमजल्यावरची नर्स. एकेकाला सल्ला द्यायची हौस. नर्स म्हणाली, स्पीकर घ्या, मेल आली की टिंग वाजतं. हे पटलं. मशीन चालू असताना मला काही ऐकू येत नाही, म्हणजे टिंग वाजून गेलेलंही असेल. जाऊबाई म्हणाली, कॅमेरा घ्या, समोरासमोर बोलता येतं. तिचा मुलगा तिच्याशी रोज बोलतो. हे तिने तीनदा सांगितलं.

दोन्ही आणले. कॅमेऱ्यातून चोर घरात बघतात असं पोस्टमास्तर म्हणाले, म्हणून त्यावर माझं बोटातलं अंगुस्तान घालून ठेवलंय. मुलीचा फोन आला की काढीन.

१७ जानेवारी, बुधवार

टिंग वाजलं. हातातलं टाकून पळाले. सुई तळहातात गेली. लोकरीच्या दुकानाची जाहिरात होती.

पोस्टमास्तर पासवर्ड ऐकून हादरले. मुलीची जन्मतारीख. म्हणाले, चोर पहिल्यांदा तीच टाकून बघतात. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि कुणाच्या बापाला सुचणार नाही असा हवा. मग विचारलं, या घरात कुणाचं खातं कधी फोडलं गेलंय का?

मी म्हटलं, नाही.

नाहीच. घरातल्या घरात उघडलं त्याला फोडणं म्हणत नाहीत. कॉम्प्युटर चालू होता, तिची मेल समोर उघडी होती. लांबच्या गावच्या कपड्यांच्या कंपनीचं पत्र. डिझाइनचं काम, पुढच्या महिन्यात या. एकुलती एक मुलगी, हातात कला, आणि परक्या गावात दुसऱ्याच्या नावाचे कपडे बेतणार. मी दोन ओळी लिहिल्या. मला जमणार नाही. घरी काम आहे. खाली तिचं नाव. त्यातलं खोटं काय होतं? घरी काम होतंच.

तिला महिन्याने कळलं. ती ओरडली असती तर मी बोलले असते. ती काही बोललीच नाही. बॅग भरली.

पासवर्ड बदलला. बारा अक्षरांचा. कागदावर लिहू नका म्हणाले, म्हणून नाही लिहिला. पांढऱ्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याने टाचला. चोर काय, चष्म्याशिवाय मलाही दिसत नाही. अशी युक्ती त्या पोस्टमास्तरला सात जन्मांत सुचली नसती.

२२ जानेवारी, सोमवार

कॉम्प्युटर दुकानात नेला. मेमरी वाढवली. त्याने विचारलं, आतलं सगळं पुसून नवं टाकू का? म्हटलं, टाक बाबा, अर्धवट काम मला आवडत नाही.

आता पाखरासारखा उघडतो. पण मेल पासवर्ड मागते. आधी कधी मागत नव्हती. पट्टी खणात नाही. चिंध्यांच्या पिशवीत नाही. मशीनखाली नाही.

हे म्हणाले, नीट आठव.

नीटच आठवतंय. शुक्रवारी घड्याळवाल्या आजोबांचा पांढरा शर्ट संपवला. कफाच्या आत घालायला कडक पट्टी हाताशी एकच होती.

२४ जानेवारी, बुधवार

आजोबांकडे गेले. कफ उसवायचा, पट्टी काढायची, पुन्हा शिवून द्यायचा. दहा मिनिटांचं काम. कात्री पिशवीत घेतली होती.

सुनेने दार उघडलं. डोळे सुजलेले. आजोबा रविवारी गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, भिंग डोळ्याला लावलेलं. मी शर्टाचं विचारायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तोच घालून पोचवलं त्यांना. किती छान बसला होता, काकू. सगळे विचारत होते, शिवला कुणी."

मी कात्री घेऊन परत आले. निदान फिटिंगची तक्रार नाही.

२६ जानेवारी, शुक्रवार

पोस्टमास्तर येऊन बसले. म्हणाले, घाबरू नका, पासवर्ड विसरलात असं दाबा, ते कोड पाठवतात. दाबलं. कोड गेला. कुठे गेला? सत्तेचाळीसने संपणाऱ्या नंबरवर.

तो तिचा नंबर. खातं तिनेच काढून दिलं होतं, माझ्याकडे तेव्हा फोनही नव्हता.

पोस्टमास्तर म्हणाले, मग काय, मुलीला विचारा, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, विचारते. ते गेल्यावर फोन लावला. एकदा वाजला आणि तुटला. यांना नवा फोन घ्यायला सांगितलंय.

२८ जानेवारी, रविवार

सकाळी सातला पुन्हा दाबलं. ती उठून चहा घेत असेल. कोड पाठवला, असं पडद्यावर आलं. म्हणजे नंबर चालू आहे. म्हणजे ती बरी आहे. बंद नंबरावर कोण पाठवेल?

तिने तो कोड लगेच कळवायला हवा. सहा आकडे. तेवढे लिहायला काय बोटं झिजतात?

दुपारी जेवायच्या वेळी एकदा. संध्याकाळी दिवे लावताना एकदा.

जिन्यातल्या मंडळींना सांगितलं, मुलीशी रोज संपर्क आहे. कॉम्प्युटरवरून. जाऊबाईचं तोंड बघण्यासारखं झालं.

३१ जानेवारी, बुधवार

आज चौथ्यांदा दाबल्यावर आलं, फार प्रयत्न झाले, उद्या या. सरकारी ऑफिसातल्यासारखं. रोज तीनच दाबायचे असं ठरवलं. चहा, जेवण, दिवे. तिला सवय होईल.

गिऱ्हाइकं मापाला पुन्हा बोलवावी लागतायत. बेकरीवाला म्हणाला, बाई, माझं माप तुमच्याकडे आहे ना? म्हटलं, तुमचं पोट वाढलंय. वाढलं होतंच.

कोट अंदाजाने कापायला घेतला. गेली तीस वर्षं माणूस दारातून आत येताना मला त्याचा खांदा कळतो. खडू हातात घेऊन उभी राहिले. खांदा आठवला. पाठ आठवली, बॅग घेऊन जिना उतरताना दिसलेली. दंड आठवेना. काखेतला मुंढा आठवेना. कापड घडी करून ठेवून दिलं. उजेड कमी होता.

३ फेब्रुवारी, शनिवार

चहा, जेवण, दिवे. कोड पाठवला, पाठवला, पाठवला.

टिंग नाही. स्पीकरची वायर काढून पुन्हा लावली. अंगुस्तान काढून कॅमेरा पुसला, पुन्हा घातलं.

हे म्हणाले, पुरे कर आता. मी म्हटलं, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? तुम्ही बटणं आणा.

५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सातला दाबलं. कोड पाठवायला या खात्यावर एकही नंबर नाही, असं आलं. पुन्हा दाबलं. तेच. बंद करून चालू केला. तेच, फक्त लवकर. मेमरी वाढवल्याचा एवढा उपयोग झाला.

म्हटलं, दुकानवाल्याला बोलवा, यात काहीतरी बिघडलंय. हे हलेनात. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. तीस वर्षांत असे कधी बसले नव्हते.

"बिघडलं नाही," हे म्हणाले. "तिनेच नंबर काढला. रोज कोड येत होते. तिला वाटलं, कुणीतरी चोर खातं फोडतोय."

मी विचारलं, तुम्हाला काय माहीत?

बटणं आणायला जातात तेव्हा बोलतात तिच्याशी. जुलैपासून. दर आठवड्याला. कुठल्याशा गोदामात कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावते. दिवसभर उभं राहून. डिझाइनची ती जागा तेव्हाच दुसऱ्या कुणाला गेली. माझा नंबर तिने पहिल्याच दिवशी तिच्या फोनवर ब्लॉक करून ठेवलाय. फोन माझा चांगला आहे.

मी म्हटलं, मग सांगायचं ना तिला, चोर नव्हता, आई होती.

यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाले, "सांगितलं काल. ती म्हणाली, मग माझा अंदाज चुकला नाही."

मी उठले. मशीनला तेल घातलं. घालायला नको होतं, परवाच घातलं होतं. सगळं तेल कापडावर आलं.

कॉम्प्युटरवर चादर टाकली आहे. दुपारभर बसून यांच्यासाठी कागद लिहिला. याला पासवर्ड नाही, कुणीही वाचावा. यांना बजावलंय की जाऊन फोनवर तिला हाच वाचून दाखवायचा, पदरचा एक शब्द घालायचा नाही, आणि रडायचं नाही. विसरले तर असावा म्हणून इथे उतरवून ठेवते.

त्या दोन ओळी मी लिहिल्या. बोटं माझी होती. तुझं नाव खाली घालायला नको होतं. तुझ्या मेलमध्ये आता मी कधी जाणार नाही, जाता येतही नाही. कोड नको. करड्या कापडाचा कोट शिवायचा आहे. तुझा दंडघेर, मुंढा, बाही आणि कंबर मला माहीत नाही. दोरीने मोजून दोरी फुटपट्टीवर धरलीस तरी चालेल. श्वास रोखू नकोस, लहानपणी रोखायचीस. चार आकडे यांच्याजवळ सांग. रविवारी अकरा तारखेला संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. सोमवारी सकाळी मी कापड कापायला घेणार आहे.