चारही ‘बेसना’ चुना लावण्याबाबत खुलासा

प्रति,
मा. सहायक अधिकारी (मैदाने व मोकळ्या जागा),
विभाग कार्यालय, तिसरा मजला,
पूर्व उपनगरे, मुंबई.

अर्जदार : सौ. गंधाली नितेश तावडे, सचिव व कॅचर, खारे दाणे क्रीडा मंडळ, कांजूरमार्ग (पूर्व).

विषय : आमच्या अर्जातील ‘चारही बेसना चुना लावणे’ या शब्दांचा खुलासा, आणि मिठागर मैदान रविवार, दि. २ फेब्रुवारी रोजी सकाळी बेसबॉलच्या सामन्यासाठी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमचा मूळ अर्ज. २) त्यावर आलेले आपले पत्र. ३) चेंडूचा प्रयोगशाळा अहवाल.

महोदय,

घरात सगळं शांत होतं. मुलगी नुकतीच झोपली होती, कागदावर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढं उतरलं होतं, आणि मोरीतला नळ खाकरला. पाणी आलं की तो आधी खाकरतो. बादल्या भरून पुन्हा बसले आहे. पाणी खातं आपलं नाही हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पुढे कुठे मजकुराचा धागा तुटलेला वाटला तर कारण कळावं, म्हणून नमूद केलं.

१. बेसबॉल हा खेळ आहे. तो खाण्याचा पदार्थ नाही. खरं तर अर्ज इथेच संपायला हवा. परंतु आपल्या कार्यालयातील ताईंनी “असं दोन ओळीत नका देऊ, मंडळाचा इतिहास जोडा, म्हणजे साहेबांना पटेल” असं सांगितल्यामुळे इतिहास जोडत आहे.

२. मिठागर मैदानावर पूर्वी क्रिकेट चालत असे. जमीन खारट असल्याने तिथे गवत धरत नाही, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि एकदा टप्पा पडला की चेंडू कुठे वळेल हे चेंडूलाही सांगता येत नाही. क्रिकेटवाले एकेक करून दुसऱ्या मैदानांवर गेले. आम्ही चाळीतली लहान मुलंमुली तेवढी उरलो, कारण आम्हांला दुसरीकडे कोणी घेत नसे. आमच्या शेजारी श्री. मार्तंड परुळेकर राहत. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर इथल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलेले. संध्याकाळी ते मैदानाच्या कडेला बसून आमचे हाल बघायचे. एके दिवशी म्हणाले, “चेंडू टप्पो खाणा नाय, मगे टप्प्याचो खेळ कित्याक खेळतास?”

आम्हांला वाटलं, काका टोमणा मारतायत. पण काका खरोखरच बिनटप्प्याचा खेळ शोधायला लागले होते. कुठल्याशा वाचनालयातून त्यांनी खेळांच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि बेसबॉलच्या पानावर बोट ठेवलं. यात टाकणाऱ्याने चेंडू हवेतूनच थेट द्यायचा, समोरच्याने तो बॅटने टोलवायचा आणि मग चार कोपऱ्यांवरचे चार बेस शिवत पळून परत पहिल्या जागी यायचं. टप्प्याचा संबंध नाही. आमचं मंडळ असं जमिनीच्या दोषातून उभं राहिलं आहे. कोणाला परदेशी खेळाची हौस आली होती असं नाही.

३. साहित्य आम्ही जमेल तसं केलं. कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून चेंडू पकडणारी व्यक्ती. तिच्या तोंडावर जाळी लागते. काकांनी जुन्या टेबलफॅनची जाळी कापून, आतून सायकलच्या सीटचा स्पंज लावून ती बनवली. ती मी अजून वापरते. बेस म्हणून मिठाने भरलेल्या गोण्या ठेवल्या, कारण तिथे मिठाला तोटा नव्हता. पण जुलैतल्या एका सामन्यात आमचा माणिक जीव खाऊन दुसऱ्या बेसवर पोचला, तर तिथे बेस नव्हता. नुसतं ओलं गोणपाट होतं. बेस विरघळल्यास खेळाडू बाद की नाबाद, हे पंचांना पुस्तकात सापडलं नाही. शेवटी त्यांनी माणिकलाच विचारलं, आणि तो इतका सरळ माणूस की स्वतःला बाद ठरवून परत आला. त्या दिवसापासून आम्ही गोण्या सोडल्या आणि जमिनीवर चुन्याने चार चौकोन आखू लागलो. महोदय, कृपया हा चुना लक्षात ठेवावा.

४. मंडळाचं नाव आम्ही ठेवलेलं नाही. उपनगर साखळीतल्या पहिल्या सामन्याला आम्ही अंधेरीला गेलो, तेव्हा आमच्या बुटांवर आणि पायांवर मिठाची पांढरी पुटं होती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, “आले बघ खारे दाणे.” सामना आम्ही दणकून हरलो. परतताना हर्षद म्हणाला की यार, नाव मात्र झकास आहे. हर्षद आमचा चेंडू टाकणारा. दुसऱ्या वर्षी त्याच नावाने नोंदणी केली आणि त्याच अंधेरीला त्यांच्याच मैदानावर हरवलं. त्यांनी नंतर आम्हांला खरोखर दाण्यांची पुडी आणून दिली. आजवर आम्ही जिंकलेल्या सामन्यांचं हे एक ठळक उदाहरण. बाकीची उदाहरणं इतकी ठळक नाहीत.

५. (काल इथे थांबावं लागलं. मुलगी उठली.)

तिचाही उल्लेख करते, कारण साखळीच्या समितीने मागे आक्षेप घेतला होता की मैदानावर ‘अनोंदणीकृत व्यक्ती’ असते. ती व्यक्ती म्हणजे निधी. बाळंतपणानंतर मी खेळणं सोडणार होते. माझे यजमान नितेश यांची रविवारीही कामाची पाळी असते, आणि सासूबाई गावी. मंडळाची बैठक झाली आणि असं ठरलं, की आमची बॅटिंग असताना जो बाद होईल त्याने येऊन निधीला कडेवर घ्यायचं, आणि आमची फील्डिंग असताना तिला मार्तंडकाकांनी सांभाळायचं. आता ती साडेचार वर्षांची आहे. आमचा खेळाडू बाद झाला की बाकीचे हळहळतात आणि ही दोन्ही हात पसरून त्याच्याकडे धावते. हरण्याची तिला भीतीच नाही. ती आम्हीच लावलेली सवय आहे, आणि ती मोडावी असं मला वाटत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर, आठवडाभर मला घरात मोजा कुठे, डबा कुठे, मीठ कुठे, असं विचारतात. रविवारी सकाळी फक्त हर्षद विचारतो, पुढचा चेंडू कुठे. मी बोटांनी खूण करते आणि तो तिथे टाकतो. हे अर्जात लिहिण्याजोगं कारण नाही, याची मला कल्पना आहे.

६. आता मूळ घोळाकडे येते. दरवर्षीप्रमाणे आम्ही मैदानासाठी अर्ज केला. त्यात मी लिहिलं : ‘खारे दाणे मंडळास चारही बेसना चुना लावण्याची परवानगी द्यावी.’ शुद्ध मराठीप्रमाणे ‘बेसांना’ लिहायला हवं होतं. पण मैदानावर कोणी ‘बेसांना’ म्हटलं तर बाकीचे आठजण खेळ थांबवून हसतील. आम्ही ‘बेसना’ म्हणतो, म्हणून तसंच लिहिलं. त्यातला ‘ना’ हा प्रत्यय आहे. आपल्या कार्यालयाच्या टेबलवर तो प्रत्यय म्हणून वाचला गेला नाही. आपलं पत्र आलं त्यात आमचा व्यवसाय पुढीलप्रमाणे नोंदवला आहे : ‘खारे दाणे, बेसन (चार प्रकारचे).’ आणि खाली तांबड्या शाईत : ‘बेसनास चुना लावत असल्याचे अर्जदार स्वतः कबूल करतात.’

मी ताबडतोब येऊन ताईंना भेटले. त्या खरोखर चांगल्या आहेत. माझ्या हातातून निधीला घेऊन त्यांनी तिला स्टॅम्पपॅड दाखवलं. पण म्हणाल्या, “अहो, यंदापासून सगळं संगणकावर, आणि त्यात बेसबॉल नाहीच आहे ना. क्रिकेट आहे, योग आहे, खाद्यपदार्थ आहे. तुम्ही कशात बसता सांगा.” मी क्रिकेट म्हटलं असतं तर हा अर्ज लिहावा लागला नसता. पण मार्तंडकाका बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्यासमोर मला ते म्हणवलं नाही.

७. त्यानंतरच्या रविवारी एक निरीक्षक महाशय सरावाच्या वेळी मैदानावर आले. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी चुन्याची पिशवी पाहिली, वास घेतला, वहीत लिहिलं. मग हर्षदला विचारलं, “तळता कुठे?”

हर्षद म्हणाला, सर, तळत नाही, टाकतो. त्यांनी ‘टाकाऊ माल’ असं लिहून घेतलं. मी पुढे होऊन चेंडू त्यांच्या हातात दिला, म्हणजे शंका मिटेल. त्यांनी तो दाबला, नखाने टोकरला, आणि ‘पदार्थ अत्यंत कडक’ अशी नोंद करून नमुना म्हणून सीलबंद पिशवीत घालून नेला. तो आमच्या दोन चांगल्या चेंडूंपैकी एक होता.

अहवाल सोबत जोडला आहे. त्यात म्हटलं आहे : ‘आवरण चामडी, आत दोरा. चव खारट. मानवी सेवनास अयोग्य.’ या निष्कर्षाशी मंडळ पूर्णपणे सहमत आहे. मात्र चव खारट लिहिलंय म्हणजे तो कोणीतरी चाखला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हर्षद टाकण्याआधी चेंडूला थुंकी लावतो. (हे नियमात बसत नाही, सबब अर्जाचा एवढा भाग साखळीच्या समितीकडे पाठवू नये ही विनंती.)

८. मला असं सुचवण्यात आलं, की आम्ही खाद्यपदार्थ नसल्याचा दाखला आणला तर नोंद बदलता येईल. मी निधीला घेऊन अन्न खात्याच्या कार्यालयात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, आम्ही दाखला फक्त खाद्यपदार्थांना देतो. तुम्ही खाद्यपदार्थ नसाल तर आमच्याकडे येण्याचं कारण काय? मी म्हटलं, तेच लिहून द्या. ते म्हणाले, लिहून द्यायचं तर आधी नमुना द्यावा लागेल. उरलेला एकमेव चांगला चेंडू माझ्या पिशवीत होता. मी तो दाखवला नाही आणि घरी आले.

९. यानंतर आपल्या कार्यालयाने आमच्या बाबतीत सहानुभूती दाखवली, आणि खरी अडचण तिथेच झाली. रविवार, दि. २ फेब्रुवारी रोजी मिठागर मैदानावर खाद्यमहोत्सव भरणार आहे. त्यात आम्हांला एक स्टॉल देण्यात आला आहे. स्टॉलची जागा नकाशात पाहिली. ती साधारण आमच्या तिसऱ्या बेसवर येते. त्याच सकाळी त्याच जागी आमचा जोगेश्वरीशी सामना आहे. साखळीचा नियम असा, की घरच्या सामन्याला मैदान दाखवता आलं नाही तर संघाचं नाव यादीतून कमी होतं, आणि कमी झालेलं नाव पुन्हा घेत नाहीत. नाव गेलं की मैदानावर आमचा हक्क सांगायला काही उरत नाही, आणि रिकाम्या मैदानावर डंपर उभे राहायला वेळ लागत नाही, हे आपणांस मी सांगायला नको.

जोगेश्वरीवाल्यांना फोन केला. त्यांनी सामना पुढे ढकलायला नकार दिला. वर विचारलं, की महोत्सव आहेच तर वडे मिळतील ना.

मार्तंडकाकांना यातलं निम्मंच सांगितलं आहे. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून खुर्ची टाकून ते कॅचरच्या मागे बसतात, आणि माझ्या हातून चेंडू सुटला की तो त्यांच्या काठीला अडतो. रोज जिन्यात भेटले की विचारतात, “गो, मैदान गावला काय?” मी म्हणते, होतंय काका. त्यामुळे जिना चढायला मला हल्ली जास्त वेळ लागतो.

तरी मे. महोदयांना नम्र विनंती, की
(अ) आमच्या अर्जातील ‘ना’ हा प्रत्यय आहे असं मान्य करून बेसन हा शब्द आमच्या नावावरून काढून टाकावा;
(आ) खाद्यमहोत्सव त्या दिवशी दुपारनंतर सुरू करावा, म्हणजे सामना संपलेला असेल. सामना लांबला तर आमच्या बाजूने तो लवकर संपवण्याचा, म्हणजे हरण्याचा, आम्हांला सराव आहे;
(इ) हे दोन्ही शक्य नसेल तर निदान स्टॉल तिसऱ्या बेसवरून हलवून मैदानाबाहेर द्यावा. स्टॉल आम्ही चालवू. मला लाडू येतात.
(ई) नमुना म्हणून नेलेला चेंडू परत मिळावा.

आपण एकदा रविवारी सकाळी मैदानावर यावं. आपल्यासाठी मार्तंडकाकांच्या शेजारी खुर्ची टाकू. तिथे एकच काळजी घ्यावी लागते, चेंडू आला की मान खाली घालायची.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
नम्र,

(सौ. गंधाली नितेश तावडे)
दि. १६ जानेवारी २०२५

सोबत : १) मूळ अर्जाची प्रत, ‘बेसना’ या शब्दाखाली रेघ मारून. २) प्रयोगशाळा अहवाल. ३) मैदानाचा हाताने काढलेला नकाशा, त्यावरचे निळे डाग स्टॅम्पपॅडच्या शाईचे असून ते बेस समजू नयेत.

ता. क. : पाकीट चिकटवत असताना निधी उठून आली आणि कोणाला पत्र लिहितेस म्हणून विचारू लागली. मी सांगितलं, एक साहेब आहेत, आपल्याला मैदान द्यायचं की नाही ते तेच ठरवणार. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, “आई, ते साहेब आपल्या टीममध्ये आहेत की समोरच्या?”