चिरलेली बाहुली

जयवंता,

आशीर्वाद मागून देईन, आधी ऐक. सांगतेय मी, लिहितेय तुझी बायको. माझ्या शिव्या ती गाळते हाय, त्या तू मनानं भर.

लेकीच्या डोळ्याची बाहुली खाली चिरलेली दिसली, तर तू भाग्यश्रीला म्हणालास, "ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस, त्याचं हे फळ." दोघींना पळसदरीला माझ्या दारात सोडलंस आणि शेलूच्या नव्या फ्लॅटात एकटा जाऊन बसलास. शाणा रं माझा!

काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाचा डोळा असा होता?" मी म्हटलं, "हिच्या सासऱ्याचा, डावा." त्या बाहुलीवरच तर मी भुलले होते. त्याच्या आईनं कुठली भाजी चिरली होती रं?

तुला ठाऊक नाय, कारण बापासमोर तुझी मान कधी वर झालीच नाय. आता लेकीच्या डोळ्यात बघ. तिथून तुझा बाप तुझ्याकडं बघतोय.

भाग्यश्री म्हणते, "आई, हे धाडू नका. त्यांना यायचं तर पोरीसाठी येऊ दे, बापाच्या धाकानं नको."

म्हणून ठेवते उशाखाली.

अजून तरी तुझीच,
आई