हार बाहेर, आत फक्त फूल

तात्या, आईला आत डायलिसिसच्या मशीनवर घेतलं आणि मी गाडीत येऊन बसले. बारामतीच्या दवाखान्याच्या आवारात, कडुलिंबाखाली गाडी लावलीय. सगळ्या काचा खाली केल्यात तरी घाम थांबत नाही. कागद स्टिअरिंगवर धरून लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. तुम्हाला माझ्या अक्षराचं कौतुक होतं, तेव्हा आधीच सांगून ठेवते. उद्या इंदापूरच्या एका कॉलेजात माझं भाषण आहे. विषय त्यांनीच दिलाय, ‘निर्भय व्हा’. त्याचे मुद्दे काढायला हे कागद आणले होते. ‘निर्भय’ एवढा शब्द लिहिला आणि पेन पुढं सरकेना. मग वाटलं, ज्याच्यापुढं मला आवाज चढवता येणार नाही अशा एकाच माणसाला आधी लिहावं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झालेत.

ही गाडी आईसाठी घेतली. छोटी, पांढरी, दुसऱ्यानं वापरलेली. तुमच्या दुधाच्या टँकरशेजारी उभी केली असती तर तुम्ही विचारलं असतं, “हिला पावसात घरात घेत्यात का?” पन्नाशी उलटेपर्यंत मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. सभेला न्यायला कुणीतरी यायचं, सोडायलाही यायचं. लोकांना तो बाईंचा थाट वाटायचा. मीही तसं वाटू दिलं. मग आईच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून दोनदा इंदापूरहून इथं यायची पाळी आली. भाड्याची गाडी एकदा ऐनवेळी आलीच नाही. आम्ही दुसऱ्या दिवसावर ढकललं. त्या रात्रीत आईच्या अंगात पाणी भरलं, पाय सुजले, तिला आडवं पडता येईना. ती उशीला टेकून बसली आणि प्रत्येक श्वासाला माझा दंड घट्ट धरत राहिली. डॉक्टर एवढंच म्हणाले, “पुन्हा असं चुकवू नका. पुढच्या वेळी जमेलच असं नाही.” त्याच आठवड्यात मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं.

मी या रस्त्याला भिते, तात्या. कशाला, ते तुम्हाला सांगायला नको, पण मी ते कुठंच लिहिलं नाही म्हणून इथं लिहिते. दिवेलागणीची वेळ होती. उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागं ना दिवा, ना लाल पट्टी. तुमचा टँकर तिच्यात गेला. ऊस काच फोडून आत आला होता, असं लोक सांगत होते. मला कुणी ते पाहू दिलं नाही. न पाहिलेली ती केबिन मी तेव्हापासून पाहतेच आहे. तुमचे दिवस झाले आणि मी कारखान्याच्या गेटसमोर, टपरीच्या बाकड्यावर चढून आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. ‘गाडीला लिंबू-मिरची बांधताय, त्यापेक्षा ट्रॉलीला लाल दिवा बांधा!’ माणसं टाळ्या वाजवत होती आणि माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते. त्या दिवसापासून मी बोलतेच आहे. देवाच्या नावानं घाबरवणाऱ्यांवर, जातीच्या नावानं गप्प करणाऱ्यांवर. एका वाक्याचीही मला लाज नाही, आजही तेच बोलेन. पण गुडघ्यांचं मी कुणाला सांगितलं नाही.

गाडी घेतली तेव्हा सुरुवातीला मी सगळं केलं. टायरची हवा बघायची, कूलंटची बाटली बघायची, वायपरचं पाणी भरायचं. स्पीडब्रेकरवर गाडी बंद पडायची. मागून हॉर्न वाजले की मी हँडब्रेक ओढायचा की सोडायचा तेच विसरायचे. आई शेजारी बसून म्हणायची, “वाजवू दे त्यास्नी. आपल्याला कुठं लग्नाला जायाचंय? मशीनलाच तर जायाचंय.” दसऱ्यापर्यंत माझा हात बरा बसला. मग कारखाने सुरू झाले, रस्त्यावर ऊस आला आणि गाडीनं रंग दाखवला.

दोन ट्रॉल्यांची एक गाडी पुढं असली की मी तिच्या मागंच राहते. ओलांडायला धजत नाही. त्या दिवशीही तशीच रखडत चालले होते आणि एसीतून गरम वारा यायला लागला. थोड्या वेळानं पुढ्यातल्या मीटरच्या काट्याशेजारी तापमानाचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेतली. गार झाल्यावर निघालो, पुढं रस्ता मोकळा होता, दिवा लागला नाही. पुढच्या फेरीला तेच. गॅरेजवाल्यानं कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, गाडी हायवेवर पळवून आणली आणि चावी माझ्या हातात ठेवली. “म्याडम, गाडीला काय झालेलं न्हाय. चांगली शंभरनं मारून आणली, दिवा न्हाय का काय न्हाय. तुमी पळवतच न्हाय तिला, त्यानं वैतागती ती.” वर सल्ला दिला, दिवा लागलाच तर हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनातली उष्णता आत येते. माझं भिणं गाडीला बाधतंय असंच त्याचं म्हणणं होतं. मला ते खरं वाटलं, म्हणून मी आणखी भ्याले.

आज पिंपळीच्या अलीकडं पुन्हा ट्रॉली पुढं. आईला सकाळपासूनच धाप होती, आजचा दिवस चुकवून चालणार नव्हतं. एसी गरम झाला. लाल दिवा लागला. मी हीटर सोडला, काचा उघडल्या. भर उन्हात तोंडावर भट्टीसारखा वारा. आई म्हणाली, “मला मशीनवर घालायचंय का चुलीत?” मला हसू आलं नाही. तिचा श्वास मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होता. पिंपळीत पोचेपर्यंत बॉनेटच्या कडेनं वाफ दिसायला लागली आणि मी रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीजवळ गाडी बंद केली. बारामती हाकेवर होती, आणि तिथं पोचता येईल की नाही हे मला माहीत नव्हतं.

ज्याच्या मागं मी रखडत आले तो ट्रॅक्टरवालाही तिथंच चहाला थांबला होता. तो धावत आला. “थांबा म्याडम, बादली आणतो. गार पाणी मारलं की गप बसतंय.”

“पाणी टाकायचं नाही!” माझा आवाज असा लागला की टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. तापल्या इंजिनावर गार पाणी टाकलं की ते तडकतं, हे तुम्ही मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. झाकणाला हात लावायचा नाही हेही तेव्हाच. मी टँकरच्या रेडिएटरचं झाकण धरलं तेव्हा तुम्ही माझ्या हातावर फाडकन मारलंत आणि मग तुमच्या मनगटावरचा पांढरा डाग माझ्या डोळ्यासमोर धरलात. “ह्यो बघ. मला मारायला कुणी नव्हतं.”

ट्रॅक्टरवाला माझ्याकडं निरखून बघत होता. “तुमी त्याच ना? दिव्याचं भाषण करत्यात त्या?”

“त्याच. तुमच्या ट्रॉलीला कुठाय दिवा?”

“हाय की.”

“कुठं?”

“घरी हाय.”

गाडीतून आई ओरडली, “त्याला भाषण नगं देऊ बये, आधी मला पोचीव!”

मी त्याला म्हणाले, “दिवा घरी आहे ना, मग आता तुम्हीच दिवा व्हा. खांद्यावरचं ते लाल उपरणं घ्या आणि माझ्या गाडीच्या मागं उभे राहा.” तो हसला, पण उभा राहिला. मागून येणाऱ्या गाड्यांना उपरणं हलवत, शिट्ट्या मारत. तात्या, इतकी वर्षं भाषणं करून मला पहिला लाल दिवा मिळाला तो असा.

वाफ बसल्यावर मी बॉनेट उघडलं. चावी आधी काढून घेतली. “इंजिनात हात घालताना चावी आपल्या खिशात,” असं तुम्ही म्हणायचात, ती मी खिशात नीट चाचपून पाहिली. मोबाइलच्या उजेडात रेडिएटरच्या मागं फॅन दिसला. त्याच्या पात्याला बोट लावलं. हलेना. पात्याच्या मुळाशी दोरा करकचून गुंडाळला होता आणि दोऱ्यात तपकिरी पडलेले चुरे अडकले होते. रस्ता मोकळा असला की वाऱ्यानंच गाडी गार राहायची. रखडायला लागली की फॅनचं काम पडायचं, आणि फॅन तर बांधून ठेवलेला. हायवेवर पळवून हे कुणाला दिसणार होतं?

आई तोवर टपरीच्या बाकड्यावर येऊन बसली होती. तिनं पिशवीतून पट्टी कापायची छोटी कात्री काढून दिली. मी एकेक वेढा कापत गेले. दोऱ्याबरोबर एक झेंडू अख्खा निघाला, वाळून कडक झालेला. आईनं तो बघितला.

“झेंडू?”

“हं.”

“कुणी बांधला?”

“गॅरेजवाल्यांनी बांधला असेल. ते लोक बांधतात दसऱ्याला.”

“आत?” आई माझ्याकडं बघत राहिली. धाप लागलेली असूनही तिनं वाक्य पुरं केलं. “आत कोण बांधतंय? ह्ये तर आत धागा न्हेऊ द्यायचं न्हाईत.”

आणि मला ते अंगण आठवलं. खंडेनवमी आहे. टँकर धुऊन उभा केलाय, पुढं झेंडूचा जाड हार, चाकांना हळदकुंकू. तुम्ही बॉनेट उघडता, हारातलं एक फूल तोडता आणि इंजिनाच्या कोपऱ्यात ठेवता. मी दहावीतली, वाचनानं डोकं तापलेली, कमरेवर हात ठेवून विचारते, “इंजिनाला काय कळतंय तात्या?” तुम्ही म्हणता, “इंजिनाला न्हाय कळत. मला कळतंय.” मग बॉनेट लावताना, जणू मीच उद्या टँकर चालवणार आहे असं, बजावता, “हार भाईर. आत फकस्त फूल. आत धागा न्यायाचा न्हाय.” मी नाक मुरडून घरात जाते. वाक्यातला अर्धा भाग मला अंधश्रद्धा वाटला, म्हणून मी अख्खं वाक्यच टाकून दिलं.

हार मीच बांधला होता, तात्या. दसऱ्याला बाजारात दाराच्या तोरणासाठी झेंडू घेतला. दुसऱ्या दिवशी आईला इथं आणायचं होतं आणि मला पहाटेपासून ती केबिन दिसत होती. गल्ली जेवायला घरात गेल्यावर मी उरलेला हार घेऊन बाहेर आले. बाहेर, सगळ्यांच्या गाड्यांना असतो तसा पुढं बांधला असता तर कुठं काही अडलं नसतं. उन्हानं वाळून गळून पडला असता. पण मला कुणी बघायला नको होतं. मी! लिंबू-मिरचीवर सभा गाजवणारी! म्हणून मी तो आत बांधला, रेडिएटरवरून, आणि बॉनेट हळूच दाबून लावलं, आवाज होऊ नये म्हणून. सगळा गाव उघड्यावर भितो, बाहेर हार घालतो आणि सुखरूप घरी जातो. मी भीती झाकून ठेवली आणि तिनं जाऊन फॅनच धरला. आज आईच्या जिवावर बेतलं असतं.

चावी फिरवली. थोड्या वेळानं घर्र करून फॅन सुरू झाला आणि टपरीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या ऐकल्या आयुष्यात, पण या ऐकून मला रडू फुटलं. आई बाकड्यावरून उठून आली. तिनं पदरानं माझ्या कपाळावरचं काळं पुसलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “म्याडम, दिवा लावतो बरं का मी.” मी म्हणाले, “आज लावा. संध्याकाळी मी याच रस्त्यानं परत येणार आहे.” हे मी त्याला भाषणासारखं सांगितलं नाही. विनवणी केली.

उशीर झाला होता, पण इथल्या नर्सबाईंनी आईची जागा राखली होती. आता तिचं संपेपर्यंत ऊन कलेल. निघू तेव्हा दिवेलागण झालेली असेल, म्हणजे तुमची वेळ. मी तीनदा बॉनेट उघडून फॅन बघून आले. पात्याला बोट लावलं की ते फिरतंय. तरी चौथ्यांदा बघून यावंसं वाटतंय. उद्याच्या भाषणाचे मुद्दे या कागदांच्या मागच्या बाजूला लिहिते. म्हणजे हे मुलांसमोर हातात असेल आणि दिसेल फक्त मला. तुम्हाला पाठवायचा तेवढाच रस्ता आहे.

आईला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणतायत. पदर सावरत ती मला खूण करतेय, चल म्हणून. घाईत एवढंच. दोरा मी पिंपळीतच कचऱ्यात टाकला. तो वाळका झेंडू टाकवला नाही. बॉनेटच्या आत, काचेखालच्या कोपऱ्यात, फॅनपासून लांब ठेवलाय. नुसतं फूल आहे, तात्या. धागा नाही.