ऑर्व्हिल टेशचा फवारा

रविवार, १ जून २०१४. सकाळी ६:४०

याच वेळी अन्याय उघडकीस आला. आधी तारीख आणि वेळ, मग तक्रार, शेवटी लेखी उत्तराची मागणी आणि मुदत: सिस्टर अल्डेगोंडनी कॉन्व्हेंटमध्ये आम्हा मुलींना हेच शिकवलं. लॅटिन विसरले, हे नाही विसरले.

तर तक्रार. कॅराव्हॅनमध्ये टेबलाच्या वरच्या भिंतीला मी गेल्याच आठवड्यात बर्चचं नवं प्लायवुड बसवलं. लाखेचं पॉलिश दिलं. मधासारखा रंग आला होता. आज त्यावर डाग. ओला. माझ्या हाताएवढा.

बाहेर आले तर कुंपणापलीकडे ऑर्व्हिल टेश लॉनवर फवारा सोडून उभा. हातात कॉफी, चेहरा निष्पाप. रविवारी पावणेसात वाजता कोणाचा चेहरा इतका निष्पाप असतो? फवाऱ्याचं तोंड आमच्या ड्राइव्ह-वेकडे.

रात्री पाऊसही झाला. पण पाऊस वरून पडतो आणि वर माझ्या नवऱ्याचं, नॉर्बर्टचं, काम आहे. तिथून थेंब यायचा नाही.

१ जून, चर्चमधल्या मासनंतर

मिनियापोलिसहून रेनेचा फोन. मुलगी माझी, पण बोलते विमा कंपनीसारखी. पुन्हा आठवण करून दिली, की लेबर डेच्या सुट्टीतल्या जुन्या कॅराव्हॅनच्या मेळाव्याला आपली कॅराव्हॅन स्वतःच्या चाकांवर तळ्याकाठी पोचली तर माझी. नाही पोचली तर ती ऑर्व्हिलच्या पुतण्याला, ड्वेनला, द्यायची. ड्वेन ती जंगलात नेऊन ठेवणार. हरणांच्या शिकारीला जाणार, माझ्या टेबलावर बिअर पिणार, नॉर्बर्टच्या बिछान्यावर बूट वाळवणार.

मी 'चालेल' म्हणाले. कारण जूनअखेर सगळं पूर्ण होणार आहे. मेळाव्यात लोक आत शिरून बघतात, कपाटं उघडतात. उघडू देत.

आत्ता लिहिताना लक्षात आलं. ऑर्व्हिलचा पुतण्या! अच्छा.

मंगळवार, ३ जून

डागाळलेला तक्ता काढला. ऑर्व्हिल न बोलावता आला, दारात डोकं घालून म्हणाला, की अगं लिओना, आधी छप्पर, मग भिंती. तू उलटं चाललीस. मी त्याला सांगितलं, की छप्पर नॉर्बर्टने १९९१ मध्ये सील केलंय. दोन्ही खिशांत एकेक ट्यूब घेऊन शिडीवर चढला होता, आणि उतरून म्हणाला होता, की लिओना, आता हे आपल्या दोघांनंतरही गळणार नाही. नॉर्बर्टने आयुष्यात कधी थाप मारली नाही.

ऑर्व्हिल खाली बघत राहिला. अपराधी माणूस असाच बघतो.

शनिवार, १४ जून

मागच्या गोलाईचे जुने तक्ते अंगणात जाळले. उंदरांचा वास येत होता. नवे कापायला घेतले तर गोलाई जमेना. ऑर्व्हिल कुंपणावरून म्हणाला, की अगं, जुने तक्ते जाळतात का कुणी, ते साचा म्हणून ठेवायचे असतात. हे मला जाळल्यावर सांगतोय! धूर दिसत नव्हता का त्याला?

वर्तमानपत्राचे कागद चिकटवून साचा केला. तीनदा चुकला. चौथा बरा. थोडी फट राहिली, तिथे पडदा येईल.

शनिवार, २८ जून. सकाळी ७

पुरावा! पुरावाच पुरावा!

काल सपर क्लबमध्ये फिश फ्राय. मी मुद्दाम अशा टेबलाशी बसले, की ऑर्व्हिल समोर दिसेल. लूथरन असून दर शुक्रवारी आम्हा कॅथलिकांचा मासा खायला येतो. अर्धा मासा, अर्धी ब्रँडी ताटाशी टाकून उठला. आभाळाकडे बघून म्हणाला, की पाऊस येतोय, मी निघतो. टेश घराण्यात आजवर कुणी ब्रँडी टाकून उठलेलं नाही.

घरी येऊन पाहते तर कॅराव्हॅनच्या छपरावर त्याची निळी ताडपत्री, चारही बाजूंनी दोरीने आवळलेली! माझ्या मागे, माझ्या ड्राइव्ह-वेत! काय झाकायचं होतं त्याला? मी ती तिथल्या तिथे सोडली, नीट घडी केली, त्याच्या पायरीवर ठेवली, वर वीट ठेवली. मग वादळ आलं.

आज सकाळी दोन डाग.

ताडपत्री काढल्यावर लगेच डाग, म्हणजे त्याने तिच्याखाली काहीतरी करून ठेवलं होतं. सिस्टर अल्डेगोंडनीसुद्धा हाच निष्कर्ष काढला असता.

शनिवार, ५ जुलै

काल सगळे स्वातंत्र्यदिनाचे फटाके बघायला तळ्यावर. मी नाही गेले. कॅराव्हॅनभोवती मैदा भुरभुरला आणि खिडकीत बसले. डोळा लागला. सकाळी मैद्यात ठसे: एक रकून आणि एक सपाट तळव्याचा माणूस. चपलेची नक्षी काढून घेतली. दुपारी जुळली. माझ्याच सपाता. फुलझाडांना पाणी द्यायला गेले असेन.

रकून कुणाचा, ते कळलेलं नाही.

रविवार, २० जुलै

सुरेख दिवस चाललेत. ऑर्व्हिल शेबॉयगनला बहिणीकडे गेलाय आणि तो गेल्यापासून एक डाग नाही! एकही नाही! सगळे तक्ते बसले. गॅसची बत्ती पुसली, बर्फाची पेटी आतून रंगवली. टेबलाचा रात्री बिछाना होतो, त्याच्या गाद्यांना कापड शिवलं: पिवळं, त्यावर हिरवी पानं. एकोणसाठ साली कॅराव्हॅन नवी असताना होतं तसंच.

आज मासला फादर काझिमिर म्हणाले, की पावसासाठी प्रार्थना करा, मका करपतोय. गेले तीन आठवडे थेंब नाही. मीही केली, टोमॅटोसाठी.

रेनेला फोन करून सांगितलं, की गुन्हेगार गावाला गेला की गुन्हा थांबतो. ती म्हणाली, की आई, गावात पाऊस नाहीये. मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

मंगळवार, १२ ऑगस्ट

ऑर्व्हिल रविवारी आला. काल पाऊस आला. आज डाग. चार. एक नव्या गादीवर, हिरव्या पानांच्या मधोमध.

आता काय वकील करू?

तडक गेले. तो चर्चच्या पिकनिकच्या बूयासाठी, त्या कढईभर रश्श्यासाठी, कोंबड्या साफ करत होता. पिकनिकच्या कढईत कोंबड्या दरवर्षी त्याच्याच, चर्च आमचं असलं तरी. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, शब्द कॉन्व्हेंटचे नव्हते. तो हसला. म्हणाला, की लिओना, देवाने पाडलेला पाऊसही माझ्या नावावर मांडणार का तू? मी म्हटलं, देवाने पाडला तर तुझ्या लॉनवर पडू दे, माझ्या गादीवर का? त्यावर तो म्हणाला, की मला एकदा तपासू दे, साबणाचं पाणी लागतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, ड्वेनला सांग, बूट दुसरीकडे वाळव.

तेव्हा त्याचा चेहरा पडला. म्हणाला, की ड्वेनला मी मेपासून 'ती घ्यायची नाही' म्हणून सांगतोय, बाई.

असं तो म्हणतो.

शनिवार, २३ ऑगस्ट

मेळावा आठवड्यावर. आत बुरशीचा वास. व्हॅनिला उकळून ठेवला. आता बुरशीचा आणि व्हॅनिलाचा वास.

रेने म्हणाली, की आई, तू एकदा तरी वर चढून बघितलंस का? ऑर्व्हिलचेच शब्द, त्याचाच सूर. दोघांचं रोज बोलणं होत असणार. मी सांगितलं, की वर बघणं म्हणजे नॉर्बर्टवर संशय घेणं. आणि माझा स्वभाव संशयी नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

त्याचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून तपासणीला परवानगी दिली. अट एकच: ब्रश माझ्या हातात. त्याच्या हातातल्या साबणात काय असेल, कोण जाणे.

त्याने खिडक्या टेपने बंद केल्या, छपराच्या झरोक्यात पानं उडवायचा ब्लोअर बसवला आणि आत हवा भरली. कॅराव्हॅन फुगल्यासारखी गुरगुरायला लागली. जिथे फट असेल तिथून हवा बाहेर येते आणि साबणाचे बुडबुडे धरतात, असं त्याचं म्हणणं. मी शिडी चढले. तो खाली शिडी धरून. आधी खिडक्यांच्या कडा: काही नाही. दारावर: काही नाही. वरून ओरडून त्याला तसं सांगितलं.

मग नॉर्बर्टचा सांधा.

बुडबुडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ब्रश दुसऱ्यांदा फिरवला. पुन्हा. नॉर्बर्टने भरलेलं ते पांढरं, बोटाने उचललं तर दुधावरच्या सायीसारखं अख्खं निघून आलं. खाली पत्रा कोरडा, स्वच्छ. कधी चिकटलंच नव्हतं.

उतरले. हातात ती साय. ऑर्व्हिलने बघितलं आणि हळूच म्हणाला, की सिलिकॉन. बाथटबचं. त्या काळी पुष्कळ जण लावायचे गं. पुट्टीची चिकट पट्टी लावायची असते, पण कुणाला माहीत होतं.

मी विचारलं, तुला माहीत होतं?

तो म्हणाला, की त्या दिवशीही शिडी मीच धरली होती. तो उतरला तेव्हा इतका खूश होता, की माझ्याने बोलवेना. मग दर वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी बोलू. मग तो गेला.

म्हणजे शेवटी मी जूनपासून म्हणत होते तेच. ऑर्व्हिलला सगळं ठाऊक होतं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट. संध्याकाळी ५

सिलिकॉन लावलं त्या जागी नंतर काही चिकटत नाही. सगळं नखाने, पात्याने खरवडायचं, मग नवा सांधा. ऑर्व्हिल म्हणतो, अख्खा सप्टेंबर जाईल. आज काही होणार नाही.

कॅराव्हॅन मेळाव्याला जाणार. निळी ताडपत्री घालून. सगळ्या तळ्याकाठी तेवढी एकच. ताडपत्री मी स्वतः मागून आणली, विटेसकट. रेनेला कळवलं, की अट चाकांची होती, ताडपत्रीबद्दल काही ठरलं नव्हतं. ती म्हणाली, की आई, मीही येते, बादली घेऊन.

आता राहिलेली एकच तक्रार. सिस्टर अल्डेगोंडच्या पद्धतीने.

श्री. नॉर्बर्ट मासार यांस. विषय: छप्पर. तू म्हणाला होतास, आपल्या दोघांनंतरही गळणार नाही. तुझ्यानंतर दोनच वर्षं झाली आहेत. आणि मी अजून इथेच आहे. याचा खुलासा लेखी हवा, तुझ्या अक्षरात, उद्या शनिवारी सकाळी नऊच्या आत. नऊला ऑर्व्हिल गाडी जोडतो. त्यानंतर आलेलं उत्तर विचारात घेतलं जाणार नाही.

साडेनऊपर्यंत थांबवीन त्याला. त्यापुढे एक मिनिट नाही.