ध्रुवपदातला एक शब्द

प्रिय वेडाबाई,

आज रेडिओवाली मुलगी आपल्या गाण्याचा इतिहास विचारायला आली होती. गिटार माझी मीच शिकलो, पट्टी काळी दोन, डफ आणि ड्रम एकत्र आणायची कल्पनाही माझीच, असं सगळं तारीखवार सांगितलं.

"आणि ‘जाते म्हणालीस’ ही ओळ?"

"तसंच घडलं," मी म्हणालो.

खोटं बोललो. नोकरीच्या गावी निघताना तू ‘येते’ म्हणाली होतीस. वृत्तावर ढकलायचीही सोय नाही. दोन्ही शब्द चार मात्रांचेच. रुसलो होतो, म्हणून बदलला. सहा महिन्यांनी तू खरंच आलीस, तालमीच्या दाराशी ती ओळ ऐकलीस आणि आल्या पावली परत फिरलीस. ड्रमवाल्याने पाहिलं होतं.

आज त्याला म्हटलं, "तो शब्द दुरुस्त करू या."

"अरे बाबा, ती ‘येते’ म्हणाली असेल तर ताटातुटीचं गाणं कसलं ते?"

तुझ्या भरल्या घरात हे पत्र धाडणार नाही. शनिवारच्या कार्यक्रमात मात्र ‘येते’च गाईन. म्हातारा शब्द चुकला, असं लोक म्हणतील. म्हणू देत.

तुझा,
हट्टी