आलीस? बस जरा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं ठीक आहोत असं लिहिणार होते, पण ते निम्मंच खरं. मी ठीक आहे. बाबांचं काय चाललंय ते मला कळत नाही, आणि कळू नये अशीच त्यांची इच्छा दिसते.

हल्ली सकाळी दुकानात जाण्याआधी ते खोलीचं दार लावून घेतात. कपडे बदलायला इतका वेळ लागायला ते काय नवरदेव आहेत? चहाचा कप धुताना असे टक लावून बघतात, जणू त्यात काही सापडलंय. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, जन्मभर उशिरावरून माझ्या मागे लागला, तो आता मी रेंगाळले तरी अवाक्षर काढत नाही. गुरुवारी दुकान लवकर बंद करून कुठेतरी जातात. विचारलं तर म्हणतात, जरा बसायला. कुणाकडे, ते गुलदस्त्यात.

काल तर कहर झाला. इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले तर आतून बाबांचा आवाज. अगदी समजुतीच्या सुरात म्हणत होते, आलीस, बरं, बस जरा. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, नीघ आता. दादा, आलीस म्हणाले, आलास नाही! बाहेर कुणी आलं नाही, आणि त्या खोलीला दुसरं दार नाही. फोन म्हणावा, तर फोनवर कुणी कुणाला बस म्हणतं का?

आई जाऊन इतकी वर्षं झाली. त्यांना कुणाची सोबत हवी असेल तर मी आडवी येणार नाही, पण ही लपवाछपवी मला सहन होत नाही. त्यात माझ्या नोकरीचं. त्या दूरच्या शहरातली रक्ततपासणीची नवी प्रयोगशाळा माझ्या हाती देणार आहेत, हे डिसेंबरपासून तुला ठाऊक आहे. महिनाअखेर होय की नाही ते कळवायचंय. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना एकटं टाकून जायचा धीर आधीच नव्हता, आता तर मुळीच नाही. नाही म्हणूनच कळवीन म्हणते.

वहिनीला नमस्कार, पिल्लांना पापे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ठमी

११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. घरी वहिनीला दाखवलं तर ती म्हणाली, बसायला जातात म्हणजे ध्यानाच्या वर्गाला जात असतील. तिच्या ऑफिसातही तसला वर्ग काढलाय. श्वासाकडे लक्ष द्या, मनात येईल ते नुसतं बघा, म्हणजे ताण हलका होतो. कामाचा ढीग तसाच ठेवायचा आणि माणसांना श्वास घ्यायला शिकवायचं, ही साहेबांची युक्ती मला तरी पटत नाही. आणि ध्यानच असेल तर ती आत येऊन बसणारी कोण?

कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्यांना डोळे मिटायला लावणारे लोक स्वतःचे उघडे ठेवतात, एवढं लक्षात असू दे. गुरुवारी मागोमाग जा. बाई असेल तर माहिती काढ, बुवा असेल तर बाबांना हाताला धरून घरी आण. नोकरीला मात्र लगेच नाही म्हणू नकोस. नाही म्हणायची तुला भारी घाई.

आमची आठवण काढत जा, म्हणजे आम्हालाही बरं वाटतं.

तुझा,
दादा

२१ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

तू नेमलेला गुप्तहेर परवा वाचनालयामागच्या हॉलमध्ये खांबाआड सापडला. छत्री बाहेर डोकावत होती. आमच्या बाईंनी तिला आत बोलावून सतरंजीवर बसवलं. बाई निवृत्त नर्स आहेत. तुझं पत्र ठमीने मला दाखवलं, म्हणून लिहितो, की त्यांचे डोळेही आमच्याबरोबर मिटलेले असतात.

डिसेंबरपासून माझा हात कापतो. बारीक स्क्रू चिमट्यातून निसटतो. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे, मनावर ताण आहे. त्यांनीच मला इथे पाठवलं. बाई सांगतात, मनात जे येईल त्याला हाकलू नका. ओळखा, घटकाभर बसू द्या, मग पुन्हा श्वासाकडे या. मला मनातल्या मनात काही जमत नाही, म्हणून मी तोंडाने बोलतो. आणि माझ्याकडे येते ती भीती. भीतीला आलास कसं म्हणू? तेवढ्या व्याकरणावरून तुझ्या बहिणीने माझं लग्न लावायचंच बाकी ठेवलं होतं.

भीती कशाची, ते तिने विचारलं, मी टाळलं. तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी पट्टा बदलायला दुकानात आली आणि बोलून गेली की तुमची लेक मोठ्या जागी जाणार, आम्हाला करमणार नाही. माझा हात त्या दिवसापासून कापतोय. ती जाईल ही एक भीती, आणि माझ्यापायी राहील ही त्याहून मोठी. वर्गाने भीती गेली असं नाही. पण आता ती आली की कळतं, आणि मी पळत नाही. तेव्हा ठमीशी बोलणार आहे. आता तूही मध्ये पडू नकोस.

सुखी राहा, आणि म्हाताऱ्यावर नजर ठेवायची तर स्वतः येऊन ठेव.

तुझे,
बाबा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी बाबांनी मला समोर बसवलं आणि नोकरी घे म्हणाले. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. वाटलं, हे बाईंचं शिकवलेलं आहे, नाहीतर तू पढवलंस. मी त्यांची उलटतपासणीच घेतली. म्हणाले, मी मजेत राहीन. मी म्हटलं, मग मी जात नाही.

त्यावर त्यांनी डोळे मिटले. नुसता श्वास घेत राहिले. मग म्हणाले, मजेत नाही राहणार. घर खायला उठेल, भीती वाटेल, हात कापेल, आणि तुला उगाच फोन करत बसेन. पण ते मला सोसेल. रोज थोडं थोडं सोसायची सवय करतोय. तू जा. बोलताना त्यांचा हात टेबलावर कापत होता. त्यांनी तो खाली घेतला नाही.

मला रडू कोसळलं. आई गेली तेव्हाही ते, मला काही झालेलं नाही, असंच म्हणत राहिले होते. तेव्हापासून त्यांच्या एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता, म्हणून तर इतकी वर्षं दाराला कान लावून जगले. भीती वाटते असं त्यांनी कबूल केलं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की यांना सोडून जाता येईल.

आज सकाळी होय कळवलं. बाबांना आता तू फोन करत जा, आणि ते बरं आहे म्हणाले तर फोन ठेवू नकोस. माझ्यावर लोभ आहेच, त्यांच्यावर थोडा जास्त असू दे.

तुझी,
ठमी