दोधू मिस्तरीच्या गॅरेजसमोरून

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी परत डावीकडे ओढते! माझे धाकटे दीर, शांतीलाल भाऊजी, नंदुरबारला मिरची टाकून आले ते चिडूनच. "वहिनी, ब्रेक दाबा का पिकअप गटारकडे पळस. मी नही चलावत आते!"

सुरतेला भाग्येशला फोन केला. पोराचं दरवेळचं एकच — "माय, शोरूमलाच ने. दोधूकाकाकडे अजिबात नको."

दोधू मिस्तरीचं गॅरेज आमच्या रनाळ्याच्या स्टँडवर, घरापासून पाच मिनिटं. शोरूम नंदुरबारच्याही पुढे. पण दोन वर्षं होत आली, त्या गॅरेजसमोरून मी मान वळवून जाते. हे गेले ते याच गाडीचा ब्रेक लागला नाही म्हणून. आणि गाडी नुकतीच निघाली होती दोधूच्या गॅरेजातून. दोधू दुखवट्याला आमच्या दारावर बसायला आला, तेव्हा भरल्या अंगणात मी म्हटलं, "तुझ्या हाताने माझा माणूस गेला." तो उठला नाही, बोलला नाही. खाली बघत राहिला. तेव्हापासून गावातल्या गाड्या हळूहळू दुसरीकडे जायला लागल्या.

२५ नोव्हेंबर

शोरूम. काचेची खोली, गार हवा, चहा. गाडी कुठे नेली ते दिसत नाही. आत जाऊ लागले तर काउंटरवरची रिबेका म्हणाली, "मावशी, आत जायला बंदी आहे हो." नवापूरकडची, गोड पोरगी. विचारलं, काम कोण करतंय? "टीम करते." टीम! ह्यांना तर गाडीखाली डोकं घालून दोधूशी वाद घातल्याशिवाय चैन पडत नसे.

गाडीबरोबर मिळालेलं मराठी पुस्तक सोबत नेलं होतं. ब्रेकचं प्रकरण दोनदा वाचलं. शाळेत फार गेले नाही, पण छापलेलं काही सोडत नाही. समजलं मात्र अर्धंच.

२७ नोव्हेंबर

शोरूमचा फोन नाही. मिरची वाळवणाच्या पथारीवर तशीच.

३० नोव्हेंबर

दुपारी रिबेकाचा फोन — "मावशी, गाडी तयार. घेऊन जा." आणि माझ्या तोंडून निघालं, "आज नको ग. अमावास्या लागली."

ती हसली. "बरं, सोमवारी या."

फोन ठेवला. जेवले नाही.

१ डिसेंबर

कुणाला सांगितलं नाही ते लिहिते.

अमावास्येला गाडी गॅरेजातून घरी आणायची नाही. सासूबाई बैलांचं पाळायच्या, मी गाडीचं पाळते. गेले त्या दिवशी ह्यांनी गॅरेजातून फोन केला होता — "दोधू म्हणतो ब्रेकचा पार्ट उद्या धुळ्याहून येईल. तोवर गाडी राहू दे." उद्या अमावास्या! आणि परवा पहाटे मिरची भरायची. मी म्हटलं, "आजच आणा. हळू चालवा."

हळू चालवा!

एरवी माझं कुठे ऐकायचे? पंख्याचं बटण बंद करा म्हटलं तरी वाद. त्या दिवशी ऐकलं.

दोधू नको म्हणत होता हे मला ठाऊक होतं. तरी अंगणात मी त्याच्याकडे बोट केलं. कुणाकडे तरी करायचंच होतं. पुढे पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं.

२ डिसेंबर

गाडी आणली. धुतलेली, चकचकीत. फाट्याजवळ ब्रेक दाबला — परत डावीकडे! भाऊजी हसत सुटले. "धुई तर मस्त दिन्ही, वहिनी!"

मला हसू आलं नाही.

४ डिसेंबर

भाग्येशला न विचारता भाऊजींना म्हटलं, गाडी दोधूकडे घ्या.

अर्ध्या गॅरेजात आता पिठाची गिरणी. त्याची बायको कौसाबाई चालवते. मला बघून म्हणाली, "वाट चुकनी का, बाई?"

दोधूने काही विचारलं नाही. मला शेजारी बसवून गाडी फाट्यापर्यंत नेली, आणली. उतरून चारही चाकांना हात लावला. "डावं पुढलं तपेल शे. ब्रेक चिकटस." चाक खोललं. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले आणि त्याच्या पाठीशी बोलले. फोनचं, अमावास्येचं, सगळं.

पाना थांबला नाही. "माले मालूम शे, वहिनी. भाऊ फोनवर बोलना तव मन्हाजोडेच उभा व्हता."

"मग दोधूभाऊ, बोलले का नाही? अंगणात, त्या दिवशी?"

"गाडीमां बसा," म्हणाला. "ब्रेक दाबा. मी सांगस तवच सोडा."

मी दाबत राहिले. तो चाकाशी बसून "सोडा... दाबा..." म्हणत राहिला. कौसाबाईने गिरणी बंद केली होती. तिने ऐकलं असणार.

पैसे घेतले, जेवढे झाले तेवढेच. गाडी आता सरळ थांबते.

५ डिसेंबर

भाग्येशला सगळं सांगितलं. वाटलं, आता हे पोर माझ्याशी बोलणार नाही. तर तो म्हणाला, "माय, दोधूकाका तेराव्याच्या आधीच मला सगळं सांगून गेले होते. मीच त्यांचे पाय धरले. म्हटलं, फोनचं तुम्हाला माहीत आहे हे मायला कधी कळू देऊ नका, ती जगणार नाही. काका एवढंच म्हणाले — ठीक शे."